लाळेतली वंशावळ

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘ट्वेंटी-थ्री अँड मी’ या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आपल्याकडे त्या बातमीची दखल अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यापलीकडे गेली नाही. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीकडे सुमारे दीड कोटी लोकांनी नळीत भरून आपली लाळ पाठवली होती. त्या लाळेतून कंपनी त्यांना त्यांचे पूर्वज कोणत्या प्रदेशातले, दूरचे नातेवाईक कोण, हे सांगत असे. कंपनी बुडाली तेव्हा तिच्याजवळ विकण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तू होती ती हीच माहिती. अखेर कंपनीच्या संस्थापिकेनेच स्थापन केलेल्या एका ना-नफा संस्थेने सुमारे साडेतीस कोटी डॉलरना ती विकत घेतली. दीड कोटी माणसांचा वंशवृत्तान्त लिलावात निघाला आणि नशिबाने ओळखीच्या माणसाकडे गेला, एवढाच काय तो दिलासा.

हा प्रसंग आठवण्याचे कारण असे, की अलीकडे अशा चाचण्यांविषयी मला वारंवार विचारले जाते. माझ्या नोकरीची बरीच वर्षे दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी निवासस्थानात गेली. सून केंद्र सरकारच्या सेवेत असल्याने निवृत्तीनंतर पुन्हा याच वसाहतीत राहण्याचा योग आला. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींत बहुतेकांची मुले परदेशी आहेत. त्यांपैकी कोणी तरी वाढदिवसाला आईवडिलांसाठी चाचणीचा डबा पाठवतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला प्रश्न येतो : ‘‘साहेब, आमचे मूळ गाव कोणते, आम्ही कोकणातून कधी निघालो, हे यातून कळेल का?’’ सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ते ‘नाही’ का, आणि कोणासाठी ते ‘हो’ ठरते, हे सविस्तर सांगण्याजोगे आहे. कारण प्रश्न केवळ हौसेचा उरलेला नाही.

प्रथम चाचणी करते काय ते पाहू. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. घरगुती चाचणी त्यांतली काही लाख ठरावीक ठिकाणे तपासते आणि कंपनीच्या संग्रहातील आजच्या माणसांच्या नमुन्यांशी त्यांची तुलना करते. अहवालात ‘अमुक टक्के अमुक प्रदेश’ असे छापून येते, त्याचा अर्थ आज त्या प्रदेशात राहणाऱ्या नमुन्यादाखल माणसांशी तुमचे तेवढे साम्य आहे, इतकाच. तो पूर्वजांचा पत्ता नसतो. संग्रहात नमुने वाढले, कंपनीने हिशेबाची पद्धत बदलली, की टक्केवारीही बदलते. लाळ तीच, पूर्वज तेच, अहवाल मात्र नवा. युरोपीय वंशाच्या ग्राहकाला या संग्रहात बारकावे मिळतात, कारण त्याच्यासारखे लाखो ग्राहक तेथे आहेत. भारतीयांचे नमुने त्या मानाने फार थोडे. माझ्या भाचीने न्यू जर्सीत हौसेने चाचणी करून घेतली. तिला कळले की ती दक्षिण आशियाई आहे. ही गोष्ट तिला आरसाही सांगत होता.

दुसरी अडचण गणिताची आहे. दोन आईवडील, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा असे मागे जात दहाव्या पिढीला पोहोचलो की पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. पण प्रत्येक पिढीत जनुकांची वाटणी होताना काही तुकडे गळतात. दहाव्या पिढीतल्या त्या पूर्वजांपैकी जवळपास निम्म्यांचा अंशही आपल्या शरीरात उरलेला नसतो. वंशावळीत ज्यांचे नाव आहे ते पूर्वज खरेच पूर्वज असतात, तरी लाळेत ते नसतात. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि आईकडून सर्व मुलांकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए फारसे न बदलता पुढे येतात खरे. परंतु त्या हजारातल्या केवळ दोन वाटा आहेत.

तिसरी अडचण खास आपली. कोलकात्याजवळच्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की भारतातील अनेक समाजगटांत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी आपसांतील मिश्रण एकाएकी थांबले आणि जातीतच विवाह करण्याची प्रथा घट्ट झाली. सत्तर पिढ्या एका कुंपणात विवाह होत राहिल्यावर त्या कुंपणातली सगळीच माणसे एकमेकांची थोडीथोडी नातलग होतात. त्यामुळे परदेशी मोजपट्टी आपल्याला लावली, की सोलापूरच्या माणसाला साताऱ्याचा अनोळखी माणूस ‘तिसऱ्या पिढीतला चुलतभाऊ’ म्हणून समोर उभा करते. तो भाऊ नसतो. तो फक्त जातभाई असतो.

आता इतिहासाकडे येतो, कारण या चाचण्यांची खरी कसोटी तेथे लागते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच, दिल्लीपासून नव्वद किलोमीटरवर पानिपत आहे. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल या जिल्ह्यांत रोड नावाचा शेतकरी समाज राहतो. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर जे मराठे परत जाऊ शकले नाहीत, जंगलांत दडले आणि नाव बदलून येथेच रुजले, त्यांचे आपण वंशज, अशी या समाजातल्या मोठ्या वर्गाची आज श्रद्धा आहे. कोल्हापूरचे इतिहास संशोधक वसंतराव मोरे यांनी या समाजाच्या चालीरीती, आडनावे व बोलीतील शब्द यांचा मागोवा घेऊन हा दुवा मांडला. दरवर्षी मकरसंक्रांतीला काला अंब येथे शौर्यदिन होतो. २०२५ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही त्यास उपस्थित होते. पानिपत जिल्ह्यातल्या भालाफेकपटूने २०२१ मध्ये टोकियोत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्याला आपला ठरवायला मराठी माध्यमांना मुळीच वेळ लागला नाही.

माझ्या कार्यालयात कर्नालकडचे एक रोड सहकारी होते. महाराष्ट्रातला अधिकारी म्हटला की ते वेगळ्याच आपुलकीने बोलत. ‘‘आम्ही तुमचेच, फक्त वाटेत राहिलो,’’ हे त्यांचे वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे. २०१८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये वायव्य भारतातील समाजांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की रोड समाजात मध्य आशियातील गवताळ प्रदेशाकडून आलेल्या प्राचीन लोकांचा अंश उपखंडात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी आहे. सह्याद्रीच्या बाजूला हे प्रमाण पुष्कळच कमी होत जाते. म्हणजे समाजाचा मुख्य साठा वायव्येचाच दिसतो.

मग त्या सहकाऱ्यांना मी काय सांगायचे होते? तुमचे म्हणणे खोटे ठरले, असे? शास्त्र तसे म्हणत नाही. समाजाची सरासरी एक गोष्ट सांगते. त्या समाजात अडीचशे वर्षांपूर्वी येऊन मिसळलेल्या काही कुटुंबांची गोष्ट त्या सरासरीत विरघळून जाऊ शकते. पराभूत सैन्यातले थोडे लोक आसऱ्याला आले, आश्रय देणाऱ्यांच्या मुली त्यांनी केल्या, आणि पुढे साऱ्या समाजानेच त्यांची आठवण स्वतःची म्हणून स्वीकारली, असे घडले असू शकते. घडले नसेल असेही होऊ शकते. आपली मुळे याहून कितीतरी जुनी आहेत असे मानणारा प्रवाह रोड समाजातही आहे. याचा निवाडा जुन्या महसुली नोंदी, गावांच्या वसाहतीचे दप्तर, भाटांच्या पोथ्या आणि बोलीचा अभ्यास यांतून व्हायला हवा. दुर्दैवाने तो अभ्यास करायला कोणी पुढे येत नाही, आणि सोहळ्याला मात्र गर्दी होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अलिबागच्या किनाऱ्यावरचे आहे. बेने इस्रायली, आपल्या परिचयाचे शनिवार तेली. नवगावजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली, ती आपली मूळ कुटुंबे, ही त्यांची परंपरा. काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो लोक इस्रायलला गेले. तेथील धर्मगुरूंच्या पीठाने १९६० च्या दशकाच्या आरंभी फर्मान काढले, की बेने इस्रायली व्यक्तीचा विवाह लावण्यापूर्वी तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. मराठी बोलणाऱ्या या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला त्यांच्या समान दर्जाची ग्वाही द्यावी लागली. त्या वेळी कोणतीही जनुकीय चाचणी अस्तित्वात नव्हती. ती आली २०१६ च्या शोधनिबंधात. त्याचा निष्कर्ष असा, की या समाजात ज्यू आणि भारतीय दोन्ही अंश भरघोस आहेत. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, आणि त्यात ज्यू पुरुष व स्थानिक स्त्रिया यांचा वाटा अधिक.

हा निष्कर्ष १९६२ मध्ये हाती असता तर? ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून चालतो. अर्धे सत्य सांगणाऱ्या या अहवालाच्या बळावर धर्मगुरूंनी अलिबागच्या मुलींचे विवाह रोखले असते. परंपरेच्या गाभ्याला पुष्टी देणारी चाचणीच परंपरा जपणाऱ्यांच्या विरोधात पुरावा ठरली असती. त्याच इस्रायलने २००० साली कायदा करून न्यायालयाच्या आदेशाविना वंश व नाते ठरवणाऱ्या चाचण्यांवर निर्बंध घातले, हे मला सूचक वाटते. फ्रान्समध्ये तर हौसेखातर अशी चाचणी करणाऱ्याला ३,७५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि आपले काय? मराठी इतिहासाइतका दत्तकविधानांनी विणलेला इतिहास क्वचितच सापडेल. मी ज्या वसाहतीत राहतो तिचे नाव जिच्यावरून पडले, त्या राणीचा सारा लढा दत्तकावरूनच सुरू झाला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी नेवाळकर घराण्यातल्याच आनंदरावाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव दिले. मुलगा भाऊबंदातला होता. आजच्या भाषेत बोलायचे तर वाय गुणसूत्र जुळले असते. तरी डलहौसीने झाशी खालसा केलीच, कारण त्याच्यापुढचा प्रश्न रक्ताचा नव्हता, मान्यता कोणी द्यायची हा होता. साताऱ्याचे १८४८ मध्ये आणि नागपूरचे १८५४ मध्ये तेच झाले. पुढे धोरण बदलले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याचे सयाजीराव झाला आणि कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरचे शाहू महाराज झाले. या दोघांना वगळून आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास लिहून दाखवावा! कोणत्याही लाळेच्या नळीला शाहू महाराज छत्रपतींच्या गादीवर का बसले, ते सांगता येणार नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही दत्तक मुलाला सर्व प्रयोजनांसाठी दत्तक कुटुंबाचेच अपत्य मानले आहे.

हे सारे इतिहासाचे कुतूहल म्हणून सोडून देता आले असते, परंतु महाराष्ट्रात वंशावळ हा आज सरकारी कागद आहे. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी ती तारीख ६ सप्टेंबर १९५०. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतले, शाळांतले, कारागृहांतले मोडी कागद कुणबी नोंदींसाठी धुंडाळले गेले. जानेवारी २०२४ मध्ये ‘सगेसोयरे’ या शब्दाच्या व्याख्येचा मसुदा निघाला, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय आला. पडताळणीच्या नियमांत ‘रक्तनाते’ हा शब्द आहेच. प्रशासनात चार दशके काढल्यावर मला एवढे कळते, की जेथे नियमात ‘रक्त’ हा शब्द असतो, तेथे कधी तरी कोणी तरी रक्ताचा अहवाल घेऊन उभा राहतो. आज ना उद्या एखादा अर्जदार घरगुती चाचणीचा छापील कागद पडताळणी समितीपुढे ठेवील, किंवा एखादा विरोधक दुसऱ्याच्या चाचणीची मागणी करील. समित्यांनी आणि न्यायालयांनी त्या क्षणासाठी आधीच मन पक्के केलेले बरे. जात ही समाजाने लादलेली आणि कागदावर उतरलेली ओळख आहे. जनुकांत ती लिहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये चालीरीतींवर आधारित आप्तभाव चाचणीलाही निर्णायक कसोटी मानण्यास नकार दिला, आणि त्यामागचा विचार येथेही लागू पडतो.

पितृत्वाच्या प्रश्नात आपल्या कायद्याने असाच संयम राखला आहे. वैवाहिक जीवनात जन्मलेले मूल त्या दांपत्याचेच, हे गृहीतक पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. घटस्फोटाच्या दाव्यात मुलाची डीएनए चाचणी सरसकट मागता येणार नाही, असे फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले. त्या मुलाचेही खासगीपण असते, हे त्यामागचे कारण. न्यायालय ज्या दारावर इतकी वर्षे पहारा देते, ते दार घरपोच आलेला डबा काही आठवड्यांत उघडतो, तेही समुपदेशक किंवा वकील जवळ नसताना.

शिवाय संमती एकाची, उघडे सगळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच अमेरिकन कंपनीची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले. चोरांनी शिरकाव केला होता सुमारे चौदा हजार खात्यांत. पण नातेवाईक शोधण्याच्या सोयीतून त्यांच्या हाती सुमारे ६९ लाख लोकांची माहिती लागली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील जुन्या खुनांचा आरोपी पकडला गेला तोही अशाच प्रकारे : त्याने स्वतः चाचणी केलेली नव्हती, दूरच्या नातलगांनी केली होती. गुन्हेगार सापडला याचा आनंदच आहे. परंतु आपल्या देशात गुन्हे व दिवाणी दाव्यांसाठी डीएनए वापराचे नियमन करणारे २०१९ चे विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीचा वेगळा, अधिक संवेदनशील वर्ग केलेला नाही. तुमच्या चुलतभावाने चाचणी केली तर तुमच्याविषयीचे काय काय त्यात गेले, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला या कायद्यात स्पष्टपणे सापडणार नाही. ग्राहकाला थेट विकल्या जाणाऱ्या वंशचाचण्यांसाठी स्वतंत्र नियमावली हवी : नमुना कोठे जातो, किती काळ ठेवतात, कंपनी विकली गेली तर त्याचे काय होते, आणि अल्पवयीन मुलांचे नमुने मुळात घेता येतात का. ही नियमावली करायला संसदेच्या एखाद्या मोठ्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

मग या चाचण्या कोणाच्याच उपयोगाच्या नाहीत काय? तसे मी म्हणणार नाही. लहानपणी दत्तक म्हणून परदेशी गेलेली, आज प्रौढ झालेली अनेक माणसे महाराष्ट्रातल्या अनाथाश्रमांच्या दारात आपली आई शोधत येतात. रामकृष्णपुरम येथील केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या नियमांत मूळशोधाची तरतूद आहे, पण मूळ कागदच बनावट किंवा गहाळ असेल तर नियम काय करणार? अशा माणसासाठी एखादा जुळणारा चुलत नातलग ही एकमेव खिडकी असू शकते. त्याला मी चाचणी करू नका असे कधीही सांगणार नाही. आणखी एक गोष्ट न्यायाने नोंदवायला हवी. आपल्या वंशावळी आणि कुलवृत्तान्त बहुतांशी पुरुषांचे आहेत. लग्नानंतर बाईचे आडनावच काय, नावही बदलत असे. चार पिढ्यांमागची पणजी ‘अमक्याची पत्नी’ एवढीच उरते. आईकडून आईकडे जाणारी रेघ निदान ही चाचणी मानते. नाव मात्र तीही देऊ शकत नाही.

नाव देतो तो कागद. मॉरिशसमधील मराठी कुटुंबे एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून गेली. तेथील मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात स्थलांतरितांच्या नोंदी जपलेल्या आहेत. नाव, वडिलांचे नाव, गाव, जिल्हा, आणि पुढच्या काळातल्यांची छायाचित्रेही. त्या नोंदीचा उतारा घेऊन पाचव्या-सहाव्या पिढीतला माणूस कोकणातल्या नेमक्या गावात येऊन उभा राहू शकतो. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वहस्ते लिहिलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. हरिद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने काही दशकांपूर्वीच काढून नेले. आपल्या एकाही सरकारी संस्थेने त्यासाठी तितकी तत्परता दाखवली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत, आणि मोडी वाचू शकणाऱ्यांची टंचाई किती आहे हे कुणबी नोंदींच्या शोधात साऱ्या राज्याने पाहिले.

गेल्या वर्षी जानेवारीत दहा हजार भारतीयांचे जनुकसंच फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून संशोधकांसाठी खुले झाले. वैद्यकासाठी तो प्रकल्प मोलाचा आहे आणि त्यावर झालेला खर्च सार्थ आहे. जिल्हा अभिलेख कक्षातल्या रुमालांसाठी मात्र वाळवीची औषधेसुद्धा वेळेवर मिळत नाहीत. तालुकानिहाय मोडी वाचकांची कायम पदे, तीर्थोपाध्यायांच्या संमतीने व मोबदल्यासह त्यांच्या वह्यांचे छायांकन, आणि जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींची शोधसूची, ही तीन कामे राज्य शासनाने हाती घेतली तर फिरायला येणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. तोवर ज्यांना विचारावेसे वाटते, त्यांना मी घरातल्या सर्वांत वृद्ध आत्याला फोन करायला सांगतो, आणि तो या आठवड्यातच करा, असे बजावतो.